डिजिटल शब्दकोश आणि मराठी वाचणारे मूल

वाचनाच्या तासाला मोबाइलवरचा शब्दकोश वापरू द्यावा का, असे शिक्षक विचारतात. द्यावा, पण कोणता आणि केव्हा, हे आधी ठरवावे लागते. या टिपणात शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या संग्रहातील मराठी कोशांचा त्या दृष्टीने विचार केला आहे. समोर आहेत ती जबलपूरच्या सिविल लाइंसमधली मुले : घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी आणि इंग्रजी वाचतात.

संग्रह मोलाचा आहे आणि विनामूल्यही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९३८), मॅक्सीन बर्नसन यांचा लहानसा मराठी-इंग्रजी कोश (१९८२-८३) हे सारे एका ठिकाणी मिळतात. जबलपूरसारख्या गावात ही सोय लहान नाही.

पण मुलाला पानावर जो शब्द दिसतो, तो कोशात त्या रूपात नसतो. पानावर 'देवळात' असते, नोंद 'देऊळ' अशी. 'पावसाने'ची नोंद 'पाऊस', 'लाकडाचा'ची 'लाकूड', 'विहिरीत'ची 'विहीर'. नुसता प्रत्यय तोडून भागत नाही, कारण सामान्यरूप होताना शब्दाचे अंगच बदलते. हिंदीत 'मंदिर में' हे दोन शब्द सुटे लिहितात. बोट ठेवले की 'मंदिर' हाती येते. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात. क्रियापदांत तर 'गेला'वरून 'जाणे' शोधायचे असते. ज्याला 'देवळात'चे मूळ ठाऊक आहे, त्याला बहुधा कोशाची गरज नसते. ज्याला गरज आहे, त्याला कोशाचे दार सापडत नाही.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे, कारण तिच्यात उत्तर मिळते, पण चुकीचे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. मोल्सवर्थ त्याच्या शंभर वर्षे आधीचा. त्याच्याकडे संख्या 'पांच' अशी आहे आणि 'पाच' म्हणजे पाचू, हिरवे रत्न. तसेच 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी. आजच्या पुस्तकातले 'नाव' शोधणाऱ्या मुलाला होडी मिळते, आणि हिंदीतही नाव म्हणजे होडीच असल्यामुळे त्याला शंकासुद्धा येत नाही! दोष मोल्सवर्थचा नाही. अनुस्वार वगळून केलेली दुसरी शोधसूची जोडली आणि दोन्ही नोंदी शेजारी दाखवल्या, तर हे सुटेल; संगणकाच्या दृष्टीने काम किरकोळ आहे. सामान्यरूपाचे काम मात्र किरकोळ नाही.

आणि काही शब्द मुले शोधतच नाहीत. 'शिक्षा', 'चेष्टा', 'खाली', 'राग' हे हिंदीमुळे ओळखीचे वाटतात. गुरुजींनी शिक्षा केली, हे वाक्य आमच्याकडचे मूल निर्धास्तपणे पुढे वाचते. ज्या शब्दाबद्दल शंका नाही, त्यावर कोणतेही ॲप बोट ठेवून देत नाही. ते शिक्षकाचेच काम.

वर्गात म्हणून मी क्रम उलटा ठेवतो. उताऱ्यातले दहा-बारा शब्द आधीच स्प्रेडशीटमध्ये घालायचे : पहिल्या रकान्यात पानावरचे रूप, दुसरा मूळ शब्दासाठी कोरा, तिसरा अर्थासाठी, चौथा मुलाच्या स्वतःच्या वाक्यासाठी. दुसरा रकाना भरेपर्यंत मोबाइल बंद. 'वाटेला' आणि 'वाट्याला' शेजारी ठेवले की एकाचे मूळ 'वाट', दुसऱ्याचे 'वाटा', यावर चांगली हुज्जत होते, आणि पुष्कळदा कोश उघडण्यापूर्वीच अर्थ लागतो. मग आधी बर्नसन उघडावा. तो शिकणाऱ्यांसाठीच केलेला आहे आणि १९६२ नंतरचा आहे. अर्थ इंग्रजीत आहेत, ही त्याची मर्यादा. तो अर्थ मुलांकडून मराठीत सांगवून घ्यावा, तोही शक्यतो आजीला कळेल असा. दाते-कर्वे वरच्या वर्गांसाठी ठेवावा. मोल्सवर्थ शिक्षकाने स्वतः वाचावा. एका नोंदीसाठी उघडला तर अर्धा तास जातो, आणि तो वाया जात नाही.