वारा लागला म्हणून इंजिन थंड होत नाही : नासाच्या १९८१ च्या एका अहवालाबद्दल

घरी बांधलेल्या विमानाची आपल्याकडची गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएची नोंदणी मिळाली आणि उड्डाणाची परवानगी यायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. याबद्दल मी जे मराठी लेख वाचले त्यांत गच्ची आहे, पैसे आहेत, फायली आहेत. इंजिन मात्र एका वाक्यात संपतं. ते थंड कसं ठेवायचं, हा प्रश्न मला कुठेच दिसला नाही.

पत्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण इंजिनिअरिंगवालेही तो विचारत नाही. 'समोरून एवढा वारा येतो, होईल थंड' अशी आपली समजूत असते. मोटारसायकल चालवून झालेली ही समजूत आहे आणि विमानाच्या बाबतीत ती चुकीची आहे. ती जिथे नीट मोडते तो मजकूर म्हणजे नासाचा कॉन्ट्रॅक्टर रिपोर्ट ३४०५. एस. जे. मायली आणि सहकाऱ्यांचा, १९८१ चा. विषय आहे हवेने थंड होणारं, समोरासमोर सिलिंडर असलेलं इंजिन विमानात बसवल्यावर त्याच्याभोवती हवा कशी वागते आणि ते कसं थंड होतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा अहवाल वाचावा असं मला वाटतं. पण तो कसा वाचू नये, हेही सांगायला हवं.

आधी रचना समजून घ्या. लहान विमानाच्या नाकात पंख्यामागे दोन भोकं असतात. हवा त्यातून आत येते आणि इंजिनाच्या वरच्या बंदिस्त जागेत साठते. तिथे तिचा वेग जवळपास संपतो आणि दाब वाढतो. खालच्या जागेत दाब कमी असतो. या दोन दाबांतला फरक हवेला सिलिंडरच्या फिन्समधून खाली ढकलतो. मधली सगळी फट पत्र्यांनी आणि रबराच्या पट्ट्यांनी बुजवलेली असते, त्यांना बॅफल म्हणतात. मग गरम हवा खालून मागे बाहेर पडते. म्हणजे पुढच्या सिलिंडरला 'वारा लागतो' आणि मागचा त्याच्या आडोशाला राहतो, असं इथे घडत नाही. बॅफल नीट असतील तर दोघांनाही तोच दाबफरक मिळतो. सिलिंडर दाबफरकामुळे थंड होतो, वाऱ्याच्या झोतामुळे नाही.

आता अहवालाचा मुख्य निष्कर्ष बघा. गोलाकार, म्हणजे रेडियल इंजिनांसाठी तयार झालेलं बरंचसं ज्ञान समोरासमोरच्या सिलिंडरांनाही लागू पडतं. आजच्या एखाद्या परीक्षकाने यावर 'यात नवीन काय?' असा शेरा मारला असता. नाकाने कांदे सोलणारे परीक्षक आपल्याकडे कमी नाहीत. पण रेडियलचं ज्ञान म्हणजे काय, तर १९२८ मध्ये फ्रेड वाइक यांच्या गटाने लँगलीला केलेलं एनएसीए काउलिंगचं काम आणि १९३८ चा बेंजामिन पिंकेल यांचा अहवाल. पिंकेलने एक साधं नातं मांडलं : सिलिंडरचं डोकं हवेपेक्षा किती गरम आणि आतल्या वायूपेक्षा किती थंड, याचं गुणोत्तर एकीकडे, आत जाणारा मिश्रणाचा प्रवाह आणि हवेची घनता गुणिले दाबफरक दुसरीकडे. चाळीस वर्षांनंतर, वेगळ्याच आकाराच्या इंजिनावर, प्रत्यक्ष उडत्या विमानात हे धरून चालतं का, हे मायलींनी तपासलं. जुनं ज्ञान कुठवर पोचतं हे मोजून दाखवणं हे संशोधनच आहे. 'रिसर्च गॅप' शोधताना आपण ज्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसतो, त्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. हवेचा आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा मार्ग कसा आहे, याचा थंड होण्यावर आणि विमानाच्या रोधावर मोठा परिणाम होतो, असं अहवाल दाखवतो. घरी विमान बांधणाऱ्याचा पहिला उपाय असतो पुढची भोकं मोठी करणे. पण वरचा दाब आधीच पुरेसा असेल तर भोक मोठं करून हवा वाढत नाही, ती कडेने परत बाहेर सांडते. अडचण बहुतेक वेळा बाहेर पडण्याच्या वाटेत असते. खालचा दाब कमी झाला नाही तर हवा जाणार कुठे?

आणि हे ओळखायचं कसं, तर मोजून. मालवणच्या दांडीवर आउटबोर्ड लावलेल्या होड्या बघा. मशीन सुरू झालं की मागून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते. होडीवाल्याची नजर तिच्यावर असते. धार दिसते म्हणजे पंप पाणी उचलतोय. धार तुटली की मशीन बंद करायचं, मग कारण शोधायचं. विमानातल्या हवेची अशी धार दिसत नाही. सिलिंडरचं तापमान दाखवणारा काटा असतो, पण काटा चढला तर कारण हवा आहे, मिश्रण आहे की इग्निशनचं टायमिंग, ते तो सांगत नाही. मायलींची पद्धत सहज मोजता येणाऱ्या राशींवर उभी आहे, आणि वर-खालच्या दाबाचा फरक ही त्यातली मध्यवर्ती राशी. तो मोजायला पाण्याचा मॅनोमीटर पुरतो. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसल्या पारदर्शक नळीचा तुकडा, त्यात रंगीत पाणी.

किती दाबाची गोष्ट आहे, तेही बघून घेऊ. १५० नॉट वेगाने जाताना समोरच्या हवेचा दाब साधारण ३७० मिलिमीटर पाण्याइतका भरतो. ८० नॉटने वर चढताना तो १०६ वर येतो. चढताना इंजिन पूर्ण ताकदीवर आणि हवेचा दाब साडेतीन पटीने कमी. विमानं चढताना का तापतात, ते या दोन आकड्यांत आलं.

आता माझी पहिली तक्रार. अहवाल एका विशिष्ट विमानातल्या एका विशिष्ट मांडणीवर उभा आहे, आणि तो तसं सांगतोही. वाचणारे मात्र त्यातली पद्धत सोडून आकडे उचलतात. ते आकडे आपल्या किनाऱ्यावर आणले तर काय होईल? प्रमाण वातावरण समुद्रसपाटीला १५ अंश धरतं. मालवणात १५ अंश कोणी दुपारी पाहिलेत? एप्रिलची ३४ अंशांची दुपार घ्या. सिलिंडरचं डोकं २०४ अंशांवर ठेवायचं असेल (लायकमिंग दीर्घ आयुष्यासाठी साधारण एवढंच सुचवते, कमाल मर्यादा २६० आहे), तर तिकडे उष्णता ओढायला १८९ अंशांचा फरक मिळतो आणि इकडे १७०. फरक दहा टक्क्यांचा वाटतो. पण फिन्समधून जाणारी उष्णता प्रवाहाच्या साधारण ०.६ घाताने वाढते असं धरलं, आणि प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाने, तर ती तूट भरून काढायला दाबफरक जवळपास दीडपट लागतो. गरम हवेत इंजिनाची ताकद थोडी घटते, तेवढी सूट दिली तरी एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे ८० नॉटऐवजी सुमारे ९५ नॉटने चढा, नाहीतर बाहेरची वाट मोठी करा, नाहीतर तापमान वाढू द्या.

वाढू दिलं तर? २०१७ पूर्वीच्या अमेरिकी नियमांत प्रमाणित लहान विमानाला किमान ३८ अंशांच्या दिवसासाठी पात्र ठरावं लागे, आणि थंड दिवशी चाचणी घेतली तर डोक्याच्या तापमानात अंशाला अंश मिळवायचा अशी रीत होती. त्या हिशोबाने १५ अंशांत चढताना २३५ दिसणारं डोकं आपल्याकडे २५४ वर जाईल. लाल रेषा सहा अंशांवर. चिपीच्या सड्यावरून पश्चिमेला उडालात तर खाली लगेच समुद्र आहे, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा. घरी बांधलेल्या विमानाला ३८ अंशांची अट सहसा कोणी घालत नाही. ती बांधणाऱ्याने स्वतःला घालायची असते.

इथे एक गैरसमज आडवा येतो : 'कोकणातली हवा दमट, म्हणून इंजिन तापतं.' ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला हवेची घनता जेमतेम सव्वा टक्क्याने कमी होते. दमटपणाचा त्रास आपल्याला होतो, कारण घाम सुकत नाही. सिलिंडरला घाम येत नाही. प्रबंधाच्या प्रस्तावात 'उष्ण व दमट हवामान' असं एका दमात लिहिलंत तर मार्गदर्शक 'दमट'वर बोट ठेवतील, आणि ठेवायलाच हवं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पद्धत चालते कारण इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे कूलिंगचे आलेख हाताशी आहेत आणि मोजलेले आकडे त्यांच्याशी जुळवता येतात. घरी विमान बांधणारे कित्येक जण फोक्सवॅगन किंवा सुबारूच्या गाडीचं इंजिन बदलून बसवतात. सुबारूत तर हवेऐवजी पाण्याचा रेडिएटर येतो. अशा इंजिनाला विमानात बसवण्यासाठीचा आलेखच नसतो. मग दाबफरक मोजलात तरी तो पुरेसा आहे की नाही, हे कशाशी ताडायचं? आधी तो आलेख स्वतः काढावा लागतो, आणि ते काम अहवाल वाचून वाटतं त्यापेक्षा खूप मोठं आहे. शिवाय ही सूत्रं स्थिर तापमानाची आहेत. चढणीत डोकं अजून तापतच असतं, स्थिरावलेलं नसतं. आणि इंजिन सरासरीवर चालत नाही. चारांतला एक सिलिंडर गरम असेल तर तोच आधी दगा देतो. वर-खालच्या जागेत एकच दाब गृहीत धरला की हा चौथा सिलिंडर हिशोबातून निसटतो.

मेरेडिथबद्दल दोन ओळी, कारण या विषयाच्या संदर्भयादीत ते नाव हमखास असतं. एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ च्या सुमारास दाखवलं की नळीत बसवलेल्या रेडिएटरची गरम हवा नीट बाहेर सोडली तर थोडा जोर परत मिळतो. काम सुंदर आहे. पण फायदा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ते १५० नॉटच्या विमानात त्याला मथळ्याची जागा देऊ नका.

आपल्याकडे या विषयावर जे प्रकल्प होतात त्यांचा ठरलेला साचा म्हणजे काउलिंगचं सीएफडी. रंगीत चित्रं, वेगाचे बाण, शेवटी 'हवेचा वेग वाढला' असा निष्कर्ष. त्यात बॅफल एकसंध भिंत असते. खऱ्या विमानात रबराची पट्टी जिथे दुमडते तिथून हवा फिन्सना न शिवता निघून जाते, आणि ती गळती मॉडेलमध्ये कोणी घालत नाही, कारण ती किती आहे ते कोणी मोजलेलं नसतं. इथे काम आहे. गळती किती झाली की किती अंश वाढतात, असा नुसता एक आलेख ३४ अंशांच्या हवेत मोजून काढला तरी तो घरी बांधणाऱ्यांच्या थेट उपयोगाचा होईल. त्याला विमान उडवावंही लागत नाही. एक ब्लोअर, जुन्या इंजिनाचे दोन सिलिंडर, पत्रा आणि थर्मोकपल एवढ्यावर सुरुवात होते.

मोजायला बसलात तर नळीचं तोंड झोताच्या समोर ठेवू नका, नाहीतर दाबाऐवजी वेग मोजून याल. ज्या जागेचा दाब हवा तिथे टोक बंद केलेली, अंगावर बारीक भोकं पाडलेली लांब नळी आडवी टाका. वर एक, खाली एक. दोन्हींच्या मध्ये पाणी.