रंगीत चित्रांना भुलू नका

रूट कॅनल झालेल्या दाढेला कोणता क्राउन बरा, यावरचे फायनाइट एलिमेंट पेपर वाचताय? लाल-निळी चित्रं जरा बाजूला ठेवा. झिर्कोनियाचा इलॅस्टिक मॉड्युलस सुमारे 200 गिगापास्कल, डेंटिनचा सुमारे 18. ताठ क्राउन बराच ताण स्वतःकडे घेतो, हे खरंच. पण पुष्कळ मॉडेल्समध्ये सिमेंट शंभर टक्के चिकटलेलं आणि भार स्थिर धरतात. आपल्या नांदेड-लातूरकडची दाढ मात्र वर्षानुवर्षं कडक भाकरी अन् सुपारी चावते. तो थकवा या मॉडेलमध्ये कुठंय?

रीह आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये उपदाढांवर मोजलं: नुसत्या रूट कॅनलच्या वाटेने ताठपणा 5 टक्के घटला, दोन्ही बाजूंच्या कडा गेल्यावर 63 टक्के. म्हणून क्राउनच्या आधी विचारा, मॉडेलमध्ये दाढ किती शिल्लक होती?