हळू जाणारा खरेच धोक्याचा? एका आलेखाची उलटतपासणी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोठा अपघात झाला की त्यानंतरच्या चर्चेत एक विधान हमखास ऐकू येते : "वेग हे अपघाताचे कारण नव्हेच. इतरांपेक्षा हळू जाणारे लोकच अपघात घडवतात." बोलणारा थोडा वाचलेला असला तर तो अमेरिकेतील एका जुन्या अभ्यासाचा दाखलाही देतो. हा अभ्यास खरोखर झालेला आहे आणि त्यातील आलेख जगभर गाजलेला आहे. पण त्या आलेखातून हे विधान निघते का? अकरावी-बारावीच्या मुलांच्या हाती लवकरच वाहन येणार आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही.

अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागातील डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. ११ राज्यांतील ग्रामीण भागातून जाणारे सुमारे ६०० मैल लांबीचे मुख्य रस्ते त्यांनी निवडले. या रस्त्यांवर अपघातात सापडलेल्या सुमारे १०,००० चालकांची माहिती पोलिसांच्या नोंदींवरून घेतली. त्याच रस्त्यांवरून जाणाऱ्या इतर वाहनांचे वेगही मोजले. मग प्रत्येक वेगगटासाठी अपघातदर काढला, म्हणजे त्या गटातील वाहनांनी मिळून जेवढे अंतर कापले त्यामागे किती वाहने अपघातात सापडली ते पाहिले. आलेख इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आला. सरासरीच्या आसपास किंवा तिच्याहून थोड्या अधिक वेगाने जाणाऱ्यांचा दर सर्वांत कमी होता. फार वेगाने आणि फार हळू जाणाऱ्यांचा दर जास्त होता. हळू वेगाची बाजू तर फारच उंच चढलेली होती.

आता ही उंच बाजू तपासू. अपघातदर हा एक अपूर्णांक आहे. त्याचा अंश म्हणजे अपघातात सापडलेली वाहने आणि छेद म्हणजे त्या वेगाने झालेली एकूण वाहतूक. अंश आणि छेद एकाच मापाने मोजलेले असतील तरच या अपूर्णांकाला अर्थ राहतो. इथे छेदातील वेग रस्त्यावर प्रत्यक्ष मोजलेला होता. अंशातील वेग मात्र अपघात झाल्यानंतर चालकाने सांगितलेला किंवा पोलिसांनी अंदाजाने लिहिलेला होता. अपघातानंतर कोणता चालक आपला वेग वाढवून सांगेल? भरधाव आलेले काही जण कागदावर हळू जाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले असणार.

बरे, कोणी खोटे बोलले नाही असे मानू. तरीही अडचण राहते. १९७० साली व्हाइट आणि नेल्सन यांनी दाखवून दिले की वेगाच्या अंदाजात निव्वळ चुका असल्या तरी असा आलेख आपोआप तयार होतो. हे साध्या अंकगणिताने पाहता येईल. समजा, १०,००० वाहनांपैकी ५०० हळू, ९,००० मध्यम आणि ५०० वेगवान आहेत. सर्वांचा धोका अगदी सारखा, शंभरात एक, असे धरू. मग अपघातात अनुक्रमे ५, ९० आणि ५ वाहने सापडतील. आता मध्यम गटातील ९० पैकी ९ वाहनांचा वेग चुकून 'हळू' आणि ९ वाहनांचा 'वेगवान' असा लिहिला गेला. सोयीसाठी टोकाच्या गटांत चूक झाली नाही असे समजू. नोंदीत आता १४, ७२ आणि १४ वाहने दिसतील. हळू गटाचा दर ५०० मध्ये १४, म्हणजे २.८ टक्के झाला. वेगवान गटाचाही तेवढाच झाला आणि मध्यम गटाचा ०.८ टक्के. धोका सर्वांचा सारखा असताना टोकाचे गट साडेतीन पट धोकादायक ठरले! टोकाच्या गटांत वाहने थोडी असतात, म्हणून थोड्या चुकांनीही तिथला दर फुगतो.

तिसरा मुद्दा 'हळू' या शब्दाचा. महामार्गावरून शेताकडे वळण्यासाठी थांबत आलेली मोटार किंवा आडरस्त्याने नुकतीच वर आलेली मोटार अपघाताच्या क्षणी हळूच असते. म्हणून तिचा चालक हळू गाडी हाकणारा ठरत नाही. इंडियाना राज्यातील एका महामार्गावर पुढे रस्त्यात बसवलेल्या उपकरणांनी वेग मोजले गेले. त्या अभ्यासात वळणारी वाहने वेगळी काढताच आलेखाची हळू बाजू बरीच खाली आली.

शिवाय, अपघातात सापडणे म्हणजे अपघात घडवणे नव्हे. हळू वाहनाला मागून भरधाव वाहन धडकले तर मोजणीत दोन्ही येतात. दोष कोणाचा, हे आलेख सांगत नाही.

एवढ्यावरून सॉलोमन यांचे काम मोडीत काढणे मात्र अन्यायाचे होईल. वेगातील तफावत हा खरा प्रश्न आहे. इतरांपेक्षा फार वेगळ्या वेगाने जाणाऱ्याला जास्त वेळा ओलांडावे लागते किंवा तो जास्त वेळा ओलांडला जातो, हे एझ्रा हाउअर यांनी १९७१ साली गणिताने मांडले. बोरघाटाच्या चढावर भरलेला मालट्रक उजवीकडच्या मार्गिकेत रेंगाळत असेल तर धोका आहेच. पण तफावत कमी करण्याचे दोन मार्ग असतात. हळू वाहन आपल्या मार्गिकेत ठेवता येते आणि भरधाव वाहनाला आवरताही येते. आलेखाचा दाखला देणारे दुसऱ्या मार्गाचे नाव क्वचितच घेतात. वेग वाढतो तशी अपघातातील इजा गंभीर होत जाते, हेही सॉलोमन यांनीच त्याच अहवालात नोंदवले होते. ते तर बहुतेक वेळा गाळलेच जाते. नववीच्या पुस्तकातील गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा. वेग ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेला, म्हणजे २५ टक्के वाढला, की ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते.

मग योग्य तुलना कशी करावी? ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी ती करून दाखवली. अपघातस्थळी जाऊन, टायरांच्या खुणा आणि वाहनांची मोडतोड पाहून त्यांनी अपघातापूर्वीचा वेग गणिताने काढला. वळणारी वाहने बाजूला ठेवली. त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच दिशेने जाणाऱ्या आणि अपघात न झालेल्या वाहनांशी तुलना केली. १९९७ च्या अहवालात शहरातील ताशी ६० किलोमीटर मर्यादेच्या रस्त्यांवर, त्यापुढे दर ५ किलोमीटरला इजा होणाऱ्या अपघाताचा धोका साधारण दुप्पट होत गेलेला दिसला. २००१ च्या अहवालात ग्रामीण महामार्गांवर, सरासरीपेक्षा ताशी २० किलोमीटर अधिक वेगाने जाणाऱ्यांचा धोका जवळजवळ सहापट होता. हळू जाणाऱ्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. 'यू'ची डावी बाजू नाहीशी झाली होती.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर वरचे उदाहरण चिठ्ठ्यांनी करून पाहावे. ९० चिठ्ठ्यांपैकी किती 'चुकीच्या' डब्यात टाकल्या की दर किती बदलतो, हे मुलांनाच काढू द्यावे. नंतर कोणताही दर समोर आला, मग तो साक्षरतेचा असो, रोगाचा असो वा अपघाताचा, की त्यांना तीन प्रश्न विचारायची सवय लावावी. अंशात कोण आहे? छेदात कोण आहे? दोघांना एकाच मापाने मोजले आहे का? हे प्रश्न विचारणारा मुलगा उद्या गाडी चालवताना मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून वेग वाढवण्याआधी निदान एकदा विचार करील.