कवटीखालची कात्री

स्कॉटलंडमधल्या सतराव्या-अठराव्या शतकांतल्या थडग्यांच्या शिळांवर कवटी, हाडांची फुली, वाळूचे घड्याळ आणि पंख असलेला चेहरा वारंवार भेटतात. कवटी मरणाची आठवण देते, पंखांचा चेहरा म्हणजे देह सोडून निघालेला आत्मा. मरणापुढे राव-रंक सारखेच, असा एकूण अर्थ लावण्याचा प्रघात आहे. मला तो अपुरा वाटतो. कारण त्याच शिळेवर पुष्कळदा शिंप्याची कात्री-इस्त्री, विणकराचा धोटा, पाव भट्टीत सारायचे लांब दांड्याचे फावडेही कोरलेले असते. आणि त्याकडे ‘धंद्याची खूण’ एवढे म्हणून आपण पुढे सरकतो.

1560च्या धर्मसुधारणेनंतर तिथल्या चर्चमधून संतांच्या मूर्ती गेल्या, आत पुरण्यालाही विरोध झाला. कोरीवकाम मग बाहेर, उघड्यावर बहरले. डंडी शहरातली ‘हाउफ’ ही दफनभूमी 1564 मध्ये मेरी राणीने दिलेल्या मठाच्या जागेवर आहे. हाउफ म्हणजे जमायची जागा. गावच्या नऊ व्यवसायसंघांच्या सभा तिथेच भरत. सभासद जमायचे ते पूर्वजांच्या थडग्यांमध्ये!

हे ध्यानात घेतले की धातुकाम करणाऱ्यांच्या शिळेवर हातोड्याच्या डोक्यावर मुकुट का, ते उलगडते. ही कष्टाची नम्र आठवण नव्हे. संघाबाहेरच्या माणसाला गावात तो धंदा करता येत नसे. त्या हक्काची ही मोहोर आहे. विणकरांच्या चिन्हात धोटा बिबट्याच्या तोंडात असतो. डंडीच्या विणकराने बिबट्या कुठे पाहिला असणार? तो सरदारी ढालींवरून उचललेला आहे. म्हणजे कवटी सांगते ‘सारे समान’, आणि तिच्याखालचा मुकुट नेमके उलट सांगतो. शिवाय कोरलेली शिळा परवडणाराच हे सांगू शके. रोजंदारीवरचा मजूर या चर्चेत नाहीच.

खेड्यांतल्या शिळांवर नांगराचा फाळ दिसतो. तिथे संघ नव्हते, त्यामुळे हा युक्तिवाद तिथे जसाच्या तसा लागू करू नये. पण अभिमान तिथेही आहेच, मला वाटते फाळाच्या ठसठशीतपणात तो दिसतो.

आणखी एक गोष्ट. या शिळांवर बायकोचे नाव बहुधा माहेरच्या आडनावासह येते, किंवा निदान तिची आद्याक्षरे नवऱ्याच्या आद्याक्षरांशेजारी असतात. आडनाव तिचे राहते. खालचे हत्यार मात्र त्याचे.