अनावर खरेदी मोजायची कशी?

पुण्यात घेतलेली फूटपट्टी जालना जिल्ह्यातल्या आष्टीतही तीच लांबी दाखवते. मानसशास्त्रीय प्रश्नावलीचे मात्र तसे नसते.

गरज नसताना, परवडत नसताना खरेदी केल्यावाचून राहवत नाही, या अवस्थेला आपण अनावर खरेदी म्हणू. ती ओळखण्यासाठी फेबर व ओ'ग्विन यांनी १९९२ साली अमेरिकेत सात विधानांची प्रश्नावली तयार केली. तीच वापरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील ५.८ टक्के प्रौढ या गटात मोडले.

आता ही विधाने आष्टीत वाचू. पगाराच्या मुदतीअखेर पैसे उरले तर ते खर्च करावेच लागतात, असे एक विधान आहे. कापूस-सोयाबीनचे पैसे हंगामाला एकदम हाती येतात. तेथे मुदतअखेर कोणती? खात्यात पैसे नसताना चेक दिला, क्रेडिट कार्डाचा किमान हप्ताच भरला, अशी आणखी दोन विधाने आहेत. पार्सल आल्यावर रोख देणारा, त्यासाठी उसनवारी करणारा माणूस दोन्हींना प्रामाणिकपणे 'कधीच नाही' म्हणेल. खरेदीला न गेलेल्या दिवशी बेचैनी वाटते का, असेही विचारले आहे. पण मोबाइलवर खरेदी करणारा जातो कोठे? कर्जात बुडालेला माणूसही अशा प्रश्नावलीतून निसटेल.

रिजवे व सहकाऱ्यांनी २००८ साली पैशाच्या परिणामांची विधाने टाळून सहा विधानांची नवी प्रश्नावली केली. त्यात न उघडलेल्या पिशव्या कपाटात पडून असतात का, असा प्रश्न आहे. एका खोलीच्या घरात पार्सल सर्वांसमोरच उघडते.

उलट चूकही होते. समजा, हजारांत ५० जणांना खरोखर हा त्रास आहे आणि प्रश्नावली दोन्ही गटांत ९० टक्के अचूक आहे. ती ५० पैकी ४५ जणांना पकडेल, पण उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांवरही बोट ठेवेल. म्हणजे १४० पैकी ९५ जणांना विनाकारण शिक्का!

प्रश्नावल्या टाकाऊ आहेत, असे आम्ही म्हणत नाही. त्या चाळणी आहेत, निदान नव्हे. नुसते भाषांतर करून भागत नाही. विधाने येथल्या व्यवहारातून घ्यावी लागतात आणि मुलाखतींशी ताडून पाहावी लागतात. शिक्षकांनी वर्गात ही सात विधाने चर्चेला घ्यावीत. मुलांना गुण मात्र देऊ नयेत; कोणते विधान आपल्या गावात का लागू पडत नाही, हे त्यांनाच शोधू द्यावे.