कुंद्याची चव, बोलीची चव

बेळगावच्या पावसावर लिहिणाऱ्याची लेखणी लवकरच एखाद्या हॉटेलात शिरते. बाहेर आषाढझड, आत वाफाळलेला चहा, गरम भजी आणि निघताना घरच्यांसाठी कुंदा, हा या ललितलेखनाचा ठरलेला क्रम. वाचताना सुख वाटते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पदार्थांची यादी संपली की गावही संपते, हा त्यातील मोठा उणेपणा आहे.

कुंद्याचेच पाहा. दूध-साखर सर्वत्र मिळते. मंद आचेवर ते तांबूस, रवाळ होईपर्यंत आटवण्यात त्याची चव आहे. गद्यालाही असे आटवणे लागते. पु. ल. देशपांडे येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. 'गणगोत'मधील (१९६६) त्यांचे 'रावसाहेब' आठवावे. बेळगाव तेथे उभे राहते ते रावसाहेबांच्या कानडी वळणाच्या मराठीतून. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला (१९९४) लंपनही सीमाभागाच्या बोलीसकटच लक्षात राहतो.

या पावसाळी लेखांत मात्र बहुतेक माणसे पुणेरी प्रमाणभाषेत चहा मागतात. कानडी शेजारात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आपल्या जुन्या घरांतली मराठी नातवंडांच्या तोंडून निसटत चालली आहे. कुंद्याची कृती कोणीही लिहून ठेवील. टेबलाभोवतीचे ते बोलणे टिपणे हे येथल्याच लेखकाचे काम आहे. ते झाले तरच हे लेखन चवीपलीकडे टिकेल.