'कंदीसा' कुठल्या कप्प्यात?

आमच्या कॅसेटच्या कपाटाला पाच कप्पे आहेत. शास्त्रीय, नाट्यगीतं, भावगीतं, अभंग आणि सगळ्यांत खाली 'इतर'. 'इतर'मध्ये हिंदी सिनेमा आणि धाकट्या मेहुण्याच्या मुंजीचं रेकॉर्डिंग. माणसाची जात विचारू नये, पण गाण्याची जरूर विचारावी, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

मग भाच्याने 'कंदीसा' आणली. दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ची, २००० सालची.

"मामा, ऐकाच. बँड आहे."

बँड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लाल कोट, कर्णे आणि वरातीतला घामाघूम घोडा. इथे पाहतो तर तबला! असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवायचे आणि वाजवता वाजवता गायचेसुद्धा. आमच्याकडे तबलजी नुसता खाकरला तरी बुवा वळून बघतात! सुस्मित सेन यांच्या हातात गिटार, पण चाल आलापाची. एकेक स्वर जागा शोधून बसणार. राहुल राम बेस गिटारवर, अमित किलम ड्रमवर. आणि शीर्षकगीत? केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची सीरियाक भाषेतली प्रार्थना. म्हणजे भक्तिगीतच की! पण कॅसेट अभंगांत ठेवायला हात धजेना आणि मुंजीशेजारी ठेवायला मन होईना. मी कपाटापुढे उभा.

"ठेवताय कशाला?" ही म्हणाली. "पुन्हा लावा की."

अशा संगीताला लोक भेळ म्हणतात. मला ते पटत नाही. चिंचेचं पाणी ओतलं की भेळेतल्या सगळ्या जिनसा एकाच चवीच्या होतात, आणि 'फ्यूजन' म्हणून जे कानावर येतं त्यात बहुतेक हे पाणीच फार असतं. 'मा रेवा' ऐका. नर्मदेचं लोकगीत, पण त्याला कोट-टाय घालून उभं केलेलं नाही. गाणं आपलं काठाकाठाने चालतं, वाद्यं त्याच्या पावलाने चालतात. याचं कारण मला तरी साधं वाटतं. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेला माणूस. (ही नर्मदा म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तरेची शीव, परकी नव्हे.) गाणं ज्यांचं, त्यांच्यात जो राहिला, त्याला गिटार कुठे वाजवायची नाही हेही कळतं. एरवी वाजवायची कुठे, हे सांगणारे क्लास गल्लोगल्ली आहेत.

सगळंच गोड आहे असं नाही. कधीकधी ही मंडळी एकाच लयीत इतकी रमतात की गाडी सुटणार सुटणार म्हणत यार्डातच फिरत राहते. आमच्या हिने एकदा तेवढ्यात कुकरच्या तीन शिट्या काढून घेतल्या.

२००९च्या डिसेंबरात असीम चक्रवर्ती गेले. त्यांच्या आवाजातली शेवटची गाणी या लोकांनी २०१०पासून दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर चक्क फुकट वाटली. कंपनीच नको म्हणाले. संग्रहाला नाव दिलं '१६/३३० खजूर रोड', म्हणजे करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात तालीम चालायची त्याचा पत्ता. फुकट म्हटल्यावर मीही कप्पा विचारला नाही. २०१३मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. पुढच्या वर्षी 'तंदानू' आला, त्यात शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट अशी बडी पाहुणेमंडळी. पंगत झकास, वाढप सढळ; पण मी आपला दारापाशी यजमानांना शोधत होतो. तबल्यामागून येणारा तो भरदार आवाज तिथे नव्हता, आणि पाहुणे कितीही मोठे असले तरी ते काही घरातल्या माणसाच्या पाटावर बसत नाहीत.

आमचा टेपरेकॉर्डर केव्हाच मुका झाला. भाचा आता फोनवरच सगळं ऐकवतो. परवा भंगारवाला आला तेव्हा मी टेप उचलून दाराशी नेला.

"थांबा," ही आतून ओरडली. "आत 'कंदीसा' आहे."

कॅसेट काढायचं बटणही अडकलेलं. टेप परत जागेवर ठेवला.